‘चाळीस काय?’ विचारणाऱ्या शालिनीबाई

‘चाळीस काय?’ एवढंच शालिनीबाईंनी मला विचारलं आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. त्याआधीचा मी आणि त्यानंतरचा मी, यांच्यामधे बांध घालायचा झाला तर तो बरोबर या दोन शब्दांवर घालावा लागेल.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी मीही लिहावं, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मला वाटलं, चुकून आला. या ग्रंथात बाईंचे वरिष्ठ अधिकारी लिहिणार, वकीलमंडळी लिहिणार, ज्यांच्या वाटण्या बाईंमुळे सुखानं झाल्या ती मोठी घरं लिहिणार. मी डिप्लोमा मधेच टाकून आलेला, मोजणीत बाईंसमोर दांडी धरून उभा राहणारा. संपादक म्हणाले, "लिही, फक्त भाषा जपून." जपतो आहे. कुठं चटका बसलाच तर तो माझा समजावा, बाईंचा नाही.

पहिली ओळख सांगण्याआधी आमचं भांडण सांगावं लागेल, कारण बाईंकडे बहुतेक लोक भांडण घेऊनच येतात. शेवगावपासून जवळच आमचं गाव. आमचं एक एकर वावर, आणि त्याला लागून भानुदासकाकांचं तीन एकर. आमचं वावर माझ्या आजोबांनी भानुदासकाकांच्या वडिलांकडूनच घेतलेलं. मधे एक बांध, बांधावर एक लिंब. वर्षानुवर्षं त्या लिंबाखाली दोन्ही घरांची दुपारची भाकरी सुटायची. मग गावाजवळून मोठा रस्ता निघाला आणि प्लॉट पाडून विकणारा एक एजंट टेप घेऊन आला. त्यानं फुटात मापं घेतली, मोबाईलवर गुणाकार केला आणि माझ्या वडिलांना, अण्णांना, म्हणाला, "अण्णा, तुमचा एकर भरत न्हाई. अर्धा गुंठा कमी हाय."

झालं. नांगरताना भानुदासनं बांध कोरला, असं अण्णांनी ठरवलं. काकांनी चिडून त्याच एजंटाकडून आपलं मोजून घेतलं. त्यांचेही तीन एकर भरेनात, जवळजवळ दीड गुंठा कमी. मग बांध आम्ही कोरला, असं त्यांनी ठरवलं. लिंबाखालची भाकरी बंद झाली. एकमेकांच्या दारात पाय ठेवणं बंद झालं.

आणि माझं सगळं त्या दारापलीकडं होतं. भानुदासकाकांची मुलगी आरती. ती मला आवडते हे गावात फक्त भानुदासकाकांना माहीत नव्हतं, आणि भांडण झाल्यावर तेही त्यांना कुणीतरी सांगितलं. मी तेव्हा नगरला सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. (अहिल्यानगर लिहायला हवं, पण एसटीत अजून नगरच म्हणतो.) आरतीला बघायला पाहुणे येऊन गेले, असा मित्राचा फोन आला. वर्कशॉपमधून जो उठलो तो थेट स्टँडवर. पुन्हा कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. माझं डोकं तेव्हा असं चालायचं.

आरती शेवगावात सेतू केंद्रात बसते, दिवसभर लोकांचे सातबारा काढून देते. तिनंच फोनवर सांगितलं, "तू माझ्या वडिलांच्या अंगावर जाऊन काय होणार आहे? मोजणीबाईंकडं जा. आणि डोकं घरी ठेवून जाऊ नको, बरोबर घेऊन जा."

बाजार समितीच्या मागच्या गल्लीत, खताच्या दुकानाशेजारी, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर शालिनीबाई जिथं खासगी मोजणीचं काम करतात ती त्यांची खोली. आत गेलो. बाई टेबलापाशी शेंगा सोलत बसल्या होत्या. मी उतारा समोर आपटला आणि म्हणालो, "आमचे चाळीस आहेत. भरतात साडेएकोणचाळीस. अर्धा भानुदासनं खाल्ला. अर्ज कुठं करायचा तेवढं सांगा."

बाईंनी मान वर केली नाही. "चाळीस काय?"

"चाळीस म्हणजे चाळीस."

"चाळीस काय ते विचारतेय. म्हशी? पोती? का वऱ्हाडी?"

माझं डोकं फिरलं. चेष्टा करून घ्यायला आलो नाही, असं काहीतरी बोललो, उतारा उचलला आणि बाहेर पडून दार असं आदळलं की खताच्या दुकानातला माणूस बाहेर आला. मागून बाईंचा आवाज आला. ज्यांनी तो ऐकला आहे त्यांना माहीत आहे, तो आवाज शेताच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला वायरलेसशिवाय जातो.

"ए, परत ये. दार नीट लाव, मग जायचं तिकडं जा."

मी परत गेलो. का गेलो, मला आजही कळलेलं नाही. दार लावायला आत यावं लागलं, आणि आत आल्यावर बाई म्हणाल्या, "आलायस तर बस. शेंगा खा. आणि उताऱ्यात क्षेत्राच्या वर काय लिहिलंय ते वाच."

वाचलं. "हे. आर. चौरस मीटर."

"गुंठा कुठं लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं."

"मग तू कुठनं आणलास?"

 बाईंनी मग शेंगांची टरफलं बाजूला सारून मला जे सांगितलं, ते त्या दररोज कुणाला ना कुणाला सांगत असतात, आणि दरवेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगतात. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद. आर म्हणजे दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. आर गुंठ्यापेक्षा किंचित लहान. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो, चाळीस आरचा होत नाही. कागदानं कधीच हेक्टर-आर धरले, तोंडानं एकर-गुंठे सोडले नाहीत, आणि आकडे इतके जवळजवळचे की चाळीस आरला चाळीस गुंठे म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. हेक्टर म्हणजे अडीच एकर, असं सगळा जिल्हा म्हणतो. अडीच एकराला गुंठाभर कमीच पडतो तो.

"शेजाऱ्याचं किती?" त्यांनी विचारलं.

"तीन एकर. त्याचंही दीड गुंठा कमी भरतं म्हणे. तो म्हणतो आम्ही खाल्लं."

बाई हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या. "त्याचं कमी, तुझंही कमी. दोघांच्या मधे बांध एकच. मग गेलं कुठं रे?"

 इतके दिवस रागात होतो, पण हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मग त्यांनी सहज विचारलं, एवढी घाई कशाची. मी सांगून टाकलं. न सांगायचं तेही.

"नाव काय पोरीचं?"

"आरती."

"मग आर तुला आधीपासून कळायला हवा होता," बाई म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

ज्यांना बाई फक्त कार्यालयातून माहीत आहेत, त्यांच्यासाठी दाराची गोष्ट सांगतो. बाईंचं माहेर शनिशिंगणापूर. तिथल्या घरांना चौकट असते, दार नसतं. बाई म्हणतात, "लग्न होऊन सासरी आले तेव्हा पहिल्यांदा माझ्या हातानं दार लावलं. रात्रभर उघड-मीट करून पाहावंसं वाटत होतं. सासूबाई म्हणाल्या, पोरीला काय झालंय." म्हणून त्यांना दाराचं कौतुक. आलेला माणूस काय बोलतो यापेक्षा जाताना दार कसं लावतो, यावरून त्या त्याला ओळखतात. आदळणारा, उघडं टाकणारा, आणि ओढून कडी लागल्याचा आवाज ऐकूनच पायरी उतरणारा.

बाई भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागल्या तेव्हा या कामात बाई दिसणं म्हणजे अप्रूप होतं. पदरावर उन्हाची टोपी घालून त्या शेतात उतरल्या की पोरं मागं मागं यायची. त्यांच्याबरोबर नोकरीभर साखळी ओढलेले रज्जाकभाई अजून अधूनमधून चहाला येतात, त्यांनी मला भंडारदऱ्याकडची एक हकिकत सांगितली. अकोले तालुक्यात डोंगरउतारावरच्या एका जागेची मोजणी होती. घेणारा शहरातला माणूस. त्यानं स्वतःचा टेप आणला होता, आणि तो उतारावर जमिनीला चिकटवून धरला. त्याचं माप जास्त भरलं. बाईंनी टेप आडवा, हवेत सपाट धरायला लावला, वरून ओळंबा सोडला. माप कमी भरलं. तो माणूस तापला. बाई त्याला म्हणाल्या, "साहेब, नकाशाला डोंगर कळत नाही. नकाशा वरून बघतो, घारीसारखा. तुम्ही मुंगीसारखं मोजताय."

"मंग त्यो काय म्हनला?" मी विचारलं.

रज्जाकभाई म्हणाले, "काय म्हननार? खाली बसला, मुंग्या बघत. बाईनी त्याला डब्यातली भाकरी दिली. पन मोजनी झाल्यावर. आदी न्हाई."

हे ‘आदी न्हाई’ म्हणजे बाईंचा कायदा. मोजणी संपेपर्यंत त्या कोणत्याही पक्षाच्या घरचा घोटभर चहासुद्धा घेत नाहीत. पाणी स्वतःच्या बाटलीतलं. जेवण बांधावर बसून, आणि बांधावरही अशा बसतात की एक मांडी इकडं, एक मांडी तिकडं. मोजणी झाली, दोघांनी मान्य केली, की मग दोन्ही घरी जेवतात. एका घरी श्रीखंड आणि दुसऱ्या घरी पिठलं असलं तरी दोन्हीकडं सारखंच मागून घेतात. गोडाची आवड त्यांना फार, त्यामुळे श्रीखंडाच्या घरी सारखं मागून घेणं किती अवघड जात असेल ते मी जवळून पाहिलं आहे.

आकड्याच्या पुढं शब्द हवाच, हा दुसरा कायदा. चहावाल्यानं ‘बाई, तीन ना?’ म्हटलं तर ‘तीन काय?’ ‘चहाच की.’ ‘कप का कटिंग?’ चहावाला आता लांबूनच ओरडतो, "तीन कप, दूध जास्त, साखर कमी, कपाला कान असलेले."

पण त्यांचं माप नुसतं आकड्यात राहत नाही, माणसाच्या हातात येतं. आमच्याच तालुक्यातल्या गयाबाई नावाच्या आजींना पुतण्यांनी घरासाठी दोन गुंठे जागा द्यायची ठरली. पुतण्यांनी चाळीस बाय पन्नास फुटांचा तुकडा आखला आणि म्हणाले, दोन हजार फूट, म्हणजे दोन गुंठे. आजींना खटकत होतं, पण काय खटकतंय ते सांगता येत नव्हतं. बाईंनी आजींना ट्रंकेतलं नवं नऊवारी लुगडं आणायला सांगितलं.

"लुगडं किती वार?"

"नऊ, बाई."

"त्याला आणखी दोन वार जोडले की गुंठ्याची एक बाजू. अकरा वार. अकरा इकडून, अकरा तिकडून, हा एक गुंठा. असे दोन लागून."

आजींनी लुगडं जमिनीवर पसरलं, पुतण्यांनी टोकं धरली. दोन वार कमी पडतात तिथं आजींनी स्वतःचा पदर धरला. आखणी झाली, गुणाकार केला, तर पुतण्यांचा तुकडा कमी भरला. एकशे अठ्ठ्याहत्तर चौरस फूट कमी.

थोरला पुतण्या म्हणाला, "बाई, एवढ्यानं काय हुतंय?"

"तेवढ्यात तिचं न्हाणीघर बसतं," बाई म्हणाल्या.

पुतण्या हसला, कान धरला, रेघ पुढं सरकवली. "काकू, न्हाणीघर माझ्याकडून बांधून देतो, पन लुगडं आता घडी घाल, गाव बघतंय." गयाबाईंचं न्हाणीघर आज उभं आहे. बाई तिकडून गेल्या की आजी त्यांना हात धुवायला तिथंच नेतात.

आता आमच्या बांधाकडे येतो. शेंगांच्या त्या दिवसानंतर बाईंनी दोन्ही घरांना निरोप धाडला: लिंबाखाली या, भांडायचं असलं तरी या. अण्णा यायला तयार नव्हते. मी म्हणालो, "नाही आलात तर मी भानुदासकाकांच्या शेतात जाऊन उभा राहीन, मग काय व्हायचं ते होऊ दे." माझ्या तापट डोक्याचा तेवढाच चांगला उपयोग झाला असेल.

बाई आल्या त्या एक टेप, खुंट्या आणि कबड्डीच्या मैदानावर टाकतात ती पांढरी फक्की घेऊन. भानुदासकाका एका बाजूला, अण्णा दुसऱ्या. आरती आईबरोबर लांब उभी होती. माझ्याकडं बघत नव्हती. मी बघत होतो.

बाईंनी आधी काकांना विचारलं, "भानुदासराव, तुमचं क्षेत्र किती?"

"तीन एकर."

"उताऱ्यावर?"

"एक वीस."

"एक वीस काय?"

काका डोकं खाजवत म्हणाले, "आरतीला ठावं. ती काढती उतारं."

लांबून आरती म्हणाली, "एक हेक्टर वीस आर, बाई."

"मग एकर कोण म्हणतं?"

 शेवटी काका म्हणाले, "आमीच म्हनतो की."

बाईंनी पडीक जागेत एक खुंटी ठोकली. त्या खुंटीपासून तेहतीस फुटांचा चौकोन फक्कीनं आखला. मग त्याच खुंटीपासून दहा मीटरचा. काका जवळ आले. "बाई, दोनदा कशाला मारली रेघ? एकच हाय की ह्यो."

"वाका. नीट बघा."

काका वाकले. "व्हय की. फट हाय."

"बोटं घालून बघा."

काकांनी उकिडवं बसून दोन रेघांच्या मधे बोटं ठेवली. तीन बसली. अण्णा इतका वेळ तोंड फिरवून उभे होते, तेही येऊन बसले आणि त्यांनी पलीकडच्या बाजूला आपली बोटं ठेवली. तीनच.

"ही फट दोन बाजूंनी," बाई म्हणाल्या. "एका गुंठ्यामागं एवढी. अण्णा, तुमच्या चाळीस आरांत अशा चाळीस फटी गेल्या, की झाला तुमचा अर्धा गुंठा, थोडा कमीच. भानुदासराव, तुमच्या एकशेवीस फटी. सव्वा गुंठ्याच्या वर."

"म्हंजी ह्येनं खाल्लं न्हाई?" काकांनी अण्णांकडं बोट केलं.

"नाही."

"आन म्या बी न्हाई?"

"नाही."

"मंग खाल्लं कुनी?"

"कुणी नाही. तेवढं कधी नव्हतंच. कागदावर आर होता, तुम्ही दोघं तोंडानं गुंठा म्हणत आलात."

अण्णा म्हणाले, "आमच्या बापानं बी एकरच घेतला म्हनलं."

"माझ्या बापानं बी एकरच दिला म्हनलं," काका म्हणाले.  काकांनी हळूच विचारलं, "ह्या तीन बोटांपायी म्या तुमच्या दारात पाय न्हाई ठिवला?"

अण्णा म्हणाले, "तुमी ठिवला न्हाई असं न्हाई. मी ठिवू दिला न्हाई. नीट सांगा."

"ते बी खरं."

अण्णांनी तंबाखूची पुडी पुढं केली. काकांनी चिमूट उचलली, आणि चिमूट किती ते बाईंनी विचारायच्या आत तोंडात टाकली.

मला वाटलं, झालं. मी तिथंच पुढं होऊन म्हणालो, "मग काका, आरतीचं आणि माझं..."

काकांचा चेहरा पुन्हा आवळला. "जमिनीचं मिटलं. पोरगी काय बांधाला लावल्याली न्हाई. आन कालेज टाकून आलेल्या पोराच्या हातात तर न्हाईच."

आरती खाली बघत होती. बाई टेप गुंडाळत होत्या.  मी मोटारसायकलला किक मारून निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "तुम्ही एक शब्द टाकला असता तर काका ऐकले असते." आवाज चढलेला होता. बाईंनी माझ्यापुढं पोह्यांची बशी सरकवली.

"हे बघ सागर, मोजणीला गेल्यावर बांधापुरतं बोलायचं असतं. ऊस कसा आलाय, कापसाला पाणी दिलंय का, ते बोलायचं नसतं. मी काल तुझ्याबद्दल बोलले असते, तर परवा भानुदासराव म्हणाले असते, बाईंना पोराकडून बोलायचं होतं म्हणून बाईंनी आर लहान केला."

मला ते पटलं नाही. आज पटतं. त्या दिवशी मी फक्त पोहे खाल्ले. मग बाईंनी कोपऱ्यातली दांडी माझ्या हातात दिली. नव्या मोजणीयंत्राची, वर उपग्रहाशी बोलणारं चाक असलेली. तिला एक बुडबुडा असतो. तो गोलाच्या बरोबर मधे आला, की दांडी सरळ. "धर ताठ. तू कललास की शेजाऱ्याचं वावर कलतं," त्या म्हणाल्या.

ज्याचं डोकं पटकन तापतं त्यानं ही दांडी एकदा धरून बघावी. राग आला की हात थरथरतो, हात थरथरला की बुडबुडा पळतो, आणि बुडबुडा पळाला की लांबून बाईंचा आवाज येतो, "काय झालं, आरतीचा फोन आला का?" मी त्यांच्याकडे काम करू लागलो ते असं. त्यांनी मला एकदाही कॉलेजचं नाव काढून बोल लावला नाही. फक्त जिथं त्रिकोणमिती लागेल तिथं मुद्दाम मलाच करायला लावायच्या, आणि मी अडलो की म्हणायच्या, "हे पुढच्या वर्षाला असेल नाही का?" एवढंच. मग स्वतः करून दाखवायच्या.

बाईंचा आग्रह होता की त्यांचा फक्कीचा चौकोन समजुतीपुरता, हद्द मात्र सरकारी मोजणीनंच ठरावी. म्हणून दोन्ही घरांनी मिळून अर्ज केला. मोजणी झाली. खुणा रोवायच्या दिवशी सगळे पुन्हा लिंबाखाली होतो. दगड बसले ते जुन्या बांधाच्याच रेषेत. बांध होता तिथंच होता. दगड मीच धरला होता, माती काकांनी लोटली. माती दाबत असताना, माझ्याकडं न बघता काका म्हणाले, "दोन."

मी थांबलो. पूर्वीचा मी असतो तर कशाचं दोन म्हणून उखडलो असतो किंवा स्वतःला हवा तो अर्थ लावून नाचलो असतो. तोंडातून भलतंच आलं. "दोन काय, काका?"

अण्णा हसले. बाईंनी तोंडाला पदर लावला. आणि भानुदासकाका, ज्यांना मी कितीतरी दिवसांत हसताना पाहिलं नव्हतं, ते मातीच्या हातांनी कपाळ धरून हसायला लागले. "बाईनी बिघडावलं रं ह्याला. वर्सं. वर्सं म्हनतो म्या. तुझ्या कालेजाची ऱ्हायलेली. ती पुरी कर, आन मंग अण्णाला घिऊन दारात ये."

"दार उघडं असेल ना?"

"त्ये ती ठरवंल," काका म्हणाले आणि आरतीकडं बघितलं.

संध्याकाळी आरतीचा फोन आला. "दोन वर्षं मी इथंच बसून उतारे काढतेय. तू नुसता पास हो. आणि वर्कशॉपमधून पळून येऊ नको, एसटीचा रस्ता मला माहीत आहे."

पुन्हा प्रवेश मिळाला आहे. बाईंना सांगायला गेलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "सुट्टी कधी असते?" सांगितलं. त्यांनी कॅलेंडर बघितलं आणि म्हणाल्या, "तेव्हा ये. दांडी दुसऱ्या कुणाला देत नाही." एखाद्याला पाठवताना परतीची वाटही बाई आखून ठेवतात, ती अशी.

आज मी नगरला निघालो आहे. हे शेवटचं पान त्यांच्याच टेबलापाशी बसून लिहितोय. जेवण करून बाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या आहेत. ग्रंथाच्या रीतीप्रमाणे आता शुभेच्छा लिहायच्या. ‘बाईंना शंभर लाभोत’ असं लिहिलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं. आतून झोपाळलेला आवाज आला, "शंभर काय?"

म्हणून नीट लिहितो. बाईंना शंभर वर्षं लाभोत. ती वर्षं बारा महिन्यांची असावीत, कागदावर एक आणि हातात दुसरी असं होऊ नये. गुडघ्यांनी त्यांना नांगरटीतून चालवत राहावं, डोळ्यांना टेपवरची बारीक रेघ दिसत राहावी, साखर रक्तात नाही, श्रीखंडात राहावी. त्यांच्या आवाजाला वायरलेस कधी लागू नये. आणि जिल्ह्यात जिथं दोन माणसं बांधावर हमरीतुमरीवर येतील, तिथं कुणीतरी मधे येऊन ‘किती काय?’ विचारावं, एवढी त्यांची सवय पसरावी.

वरचं पान ओळंब्याखाली दाबून ठेवलं. या शेवटच्या ओळी एसटीतून मोबाईलवरून पाठवतोय, संपादकांनी जोडून घ्याव्यात. पिशवी उचलली, चपला घातल्या आणि बाहेर आलो. दार हळू ओढलं. कडी बसल्याचा आवाज होईपर्यंत पायरीवर थांबलो. आतून ‘दार नीट लाव’ अशी हाक आली नाही.